भरल्या गाडीचे प्रस्थान

मेहकरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी एकवीस वर्षे ट्रकांचे रस्ते आखतो. ऑफिस माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचे, गाड्याही त्याच्याच. मी त्याला दादा म्हणतो, तो मला जवाईबापू म्हणतो. गाडी कुठून निघेल, कोणत्या रस्त्याने जाईल, ड्रायव्हर कुठे जेवेल, कुठे झोपेल, कोणत्या राज्यात कोणता कागद लागेल आणि तो किती वाजता संपेल, हे सगळे मी एका तक्त्यावर लिहितो आणि खाली सही करतो. कोणी विचारले तर मी म्हणायचो की माझे काम स्वच्छ आहे. गेल्या उन्हाळ्यातल्या एका फेरीनंतर हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

ती फेरी इरोडची होती. आमच्या तालुक्यातली वाळवलेली हळद पोत्यांत भरून तमिळनाडूत इरोडच्या व्यापाऱ्याकडे पोचवायची. वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर, हैदराबादच्या बाहेरून कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम आणि इरोड. तेराशे पस्तीस किलोमीटर. भरलेल्या गाडीला मी तासाला पस्तीस किलोमीटर धरतो. आमच्या धंद्यात सगळे पन्नास धरतात. पन्नासवाल्यांच्या हिशोबात टोलनाका नसतो, घाट नसतो, पंक्चर नसते आणि माणसाला लघवी लागत नाही. पस्तीसने अडतीस तास होतात. कायद्याने ड्रायव्हरच्या हाती दिवसाला आठ तास स्टेअरिंग, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. म्हणजे पाच दिवस, रोज दोनशे सदुसष्ट किलोमीटर. पहिला मुक्काम नांदेडपुढे नरसीला, दुसरा हैदराबाद ओलांडून, तिसरा गुत्तीला, चौथा बंगळूरच्या बाहेर, पाचव्या दिवशी इरोड. गुरुवारी सकाळी निघायचे, सोमवारी संध्याकाळी पोचायचे.

हा तक्ता मी शनिवारीच करून ठेवला होता आणि मला तो सुंदर वाटत होता, हेही लिहून टाकतो.

ड्रायव्हर जानेफळचा. वयाने माझ्याच बरोबरीचा, कमी बोलणारा. तीन वर्षांपूर्वी सेलमच्या अलीकडच्या मोठ्या उतारावर त्याला स्टेअरिंगवर डुलकी लागली होती. गाडी कडेच्या मुरमावर गेली, खडखडाटाने तो जागा झाला आणि वाचला. परत आल्यावर त्याने हे फक्त मला सांगितले. "भाऊ, डोये उघडे व्हते. पण मी नव्हतो तिथं." तेव्हापासून तो माझ्या तक्त्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाही. तक्त्याची एक नक्कल त्याची बायको घरी देवाच्या फळीवर ठेवते आणि ठरलेल्या मुक्कामाच्या वेळेला फोन करते. शनिवारी तो नऊ दिवसांच्या फेरीवरून आला होता. म्हणून त्याला बुधवारपर्यंत घर दिले होते. गाडी इकडे सावकाश भरली जाणार होती.

रविवारी ऑफिसला सुट्टी असते. मी पिंपळगाव राजाला पुतणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. सोमवारी आणि मंगळवारी मी दुसऱ्या एका गाडीच्या फिटनेसच्या कागदांसाठी बुलडाण्याला चकरा मारत होतो. बुधवारी सकाळी टेबलावर बसलो, फाइलीत आलेले इरोडच्या गाडीचे ई-वे बिल तक्त्याला जोडायला घेतले आणि त्यावरची तारीख पाहिली. रविवार.

ई-वे बिल हा मालाबरोबर चालणारा सरकारी ऑनलाइन कागद. त्यात गाडीचा नंबर भरला की त्याचे घड्याळ सुरू होते. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. तेराशे पस्तीसला सात दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या रात्री बारापर्यंत धरतात, म्हणून रविवारी सुरू झालेले सात दिवस पुढच्या रविवारी रात्री बारा वाजता संपतात. माझी गाडी इरोडला पोचणार सोमवारी. मी तीनदा मोजले. बोटांवरही मोजले. एक दिवस कमी पडत होता.

मी बाहेर अंगणात पाहिले. गाडी नव्हती.

दादा आत समईला तेल घालत होता. ऑफिसात त्याने देव्हारा केला आहे आणि सकाळचा पहिला तास तो त्यातच असतो.

"दादा, इरोडची गाडी कुठं हाय?"

"प्रस्थान ठेवलं तिचं," तो मागे न वळता म्हणाला. "पंपावर हाय. मालेगाव रोडले."

प्रस्थान ठेवणे मला माहीत होते. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू वेशीबाहेर कोणाकडे तरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असे धरतात. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल असते, म्हणजे त्या दिशेला जाणे अशुभ. आणि रविवारी पुष्य नक्षत्र होते. रविपुष्य म्हणजे दादाच्या लेखी याहून चांगला दिवस नाही. पण त्याने वस्तू ठेवली नव्हती. त्याने रातोरात हळदीने भरून घेतलेला अख्खा ट्रक स्वतः चालवत चार किलोमीटर नेऊन वेशीबाहेर ठेवला होता. आणि भरलेली गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे बिल लागते, म्हणून हळद पाठवणाऱ्या इथल्या व्यापाऱ्याच्या कारकुनाला घरून बोलावून, मुहूर्त साधून, बिल काढून घेतले होते.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी आकडे काढून बसले असते. प्रस्थानात अडवणूक चालत नाही."

चोवीस तासांच्या आत कळले असते तर ते बिल रद्द करून नवे काढता आले असते. मी हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "मंग आता झालं ते झालं. वाईट बोलू नका, गाडी रस्त्यात हाय."

गाडी रस्त्यात नव्हती. ती पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. मी मोटारसायकलने जाऊन पाहून आलो. एप्रिलचे ऊन. पुढच्या चाकाखाली चिरडलेली लिंबे काळी पडली होती. फोडलेल्या नारळाचे पाणी बंपरवरून ओघळून कुंकवासकट वाळले होते आणि त्यावर माशांचा थर होता. हाराची फुले कुजून काचेला चिकटली होती. मागच्या चाकांना चार दिवस पंपावर येणाऱ्या सगळ्यांनी आडोसा म्हणून वापरले होते. हळदीच्या वासात तो वास मिसळून जे काही झाले होते, ते मला आजही हळद फोडणीत पडली की क्षणभर आठवते. पंपावरचा माणूस म्हणाला, "तुमच्या मालकानं सांगतलं, गाडी धुवू नका, हलवू नका." हे म्हणे मांगल्य.

परत येऊन मी दादासमोर कागद ठेवला. म्हटले, बिल संपायच्या आधीच्या आठ तासांत त्याची मुदत वाढवता येते. रविवारी दुपारी चारनंतर मी वाढवतो. तक्ता आहे तसाच राहील.

"वाढवायचं नाही," दादा म्हणाला. "वाढवलेलं बिल पाह्यलं की तिकडचा व्यापारी इचारते, माल इतके दिस कुठं व्हता? आन् रविवारी त्याचं गोडाऊन बंद रायते. गाडी शनिवारी सांजीलोक पोचली पाह्यजे."

"शनिवारी म्हणजे तीन दिवस. रोजचे चारशे पंचेचाळीस. पावणेतेरा तास."

"मंग? आधी सोळा सोळा तास चालवत नोयते का लोकं?"

"आधी मरतही व्हते."

"जवाईबापू, तुमचा तक्ता पाच दिवसाचाच राहू द्या ना. कोन नाही म्हनते? फाइलीत तो लावा. त्याले तोंडी मी सांगतो."

एवढे बोलून त्याने कपाळावरचा अष्टगंध अंगठ्याने नीट केला. मला त्या क्षणी त्याची जी किळस आली ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही, कारण तो तिचा भाऊ आहे. दिशेची भीती वाटणारा माणूस झोपेला भीत नव्हता. आणि त्याला माझी सही हवी होती. पाच दिवसांच्या खोट्यावर माझी एकवीस वर्षांची सही.

गुरुवारी सकाळी सहाला मी पंपावर पोचलो. ड्रायव्हर माझ्याआधी आलेला होता आणि बादलीने चाके धूत होता. दादाचा फोन त्याला आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता.

"शनिवारी पोच म्हने मालक. नाही पोचला तं पुढच्या फेरीले दुसरा पाहू म्हने."

मी त्याला सगळे सांगितले. बिल, रविवार, मुदतवाढ. त्याने बादली खाली ठेवली.

"भाऊ, तुमी म्हनता पाच दिस. पन बिल रविवारी मरते. सोमवारी मले तमिळनाडूत धरलं तं? मांगं दुसऱ्याच्या गाडीवर व्हतो, तवा असंच बिल संपेल व्हतं. अकरा दिस गाडीखाली झोपलो. मालक आलाच नाही. तिकडची भाषा येत नाही, कोनी पानी देत नाही." तो थांबला. "जागून चालवलं तं मरन, झोपलो तं जप्ती. मी काय करू, ते सांगा."

मी म्हटले, "रविवारी चारला मी ऑफिसात बसून बिल वाढवतो. माझा शब्द."

त्याने तक्ता उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "लेखी द्या."

मला राग आला नाही. मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिले: या गाडीच्या बिलाची मुदत रविवारी संध्याकाळी मी वाढवून देईन. त्या भरवशावर ड्रायव्हरने तक्त्याप्रमाणे मुक्काम करावेत. न वाढल्यास जबाबदारी माझी. खाली सही, तारीख, वेळ. त्याने ते दोनदा वाचले, खिशात ठेवले आणि काचेवरची कुजलेली फुले वायपरने झटकून गाडी काढली.

गुरुवारी संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, नरसीले थांबले म्हनतात. खरंच थांबले ना? मालकाचा फोन आला व्हता त्यायले. लय बोलले म्हने." मी ऑफिसच्या संगणकावर गाडीचा ठिपका पाहिला. नरसीलाच होता. शुक्रवारी हैदराबादच्या पलीकडे. शनिवारी संध्याकाळी, दादाच्या हिशोबाने गाडी इरोडला हवी होती, तेव्हा ठिपका गुत्तीला होता.

दादाने तो पाहिला. टेबलावरचा आपला मोबाइल उचलून खिशात घातला आणि जाताना म्हणाला, "आता वाढवा तुमच्या हातानं."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. रविवारी कळला. आमच्या ऑफिसच्या नावाने त्या सरकारी साइटवर शिरायचे तर मालकाच्या मोबाइलवर एक सहा अंकी आकडा येतो. एरवी तो मोबाइल टेबलावरच पडलेला असतो. दादा तो घेऊन हिवरा आश्रमाला एका नातेवाइकाकडे जेवायला गेला होता. चार वाजून पाच मिनिटांनी मी पहिला फोन केला. सव्वाचारला दुसरा. पावणेपाचपर्यंत सात झाले. तो उचलत नव्हता.

तेराशे पस्तीस वजा एक हजार अडुसष्ट, म्हणजे चौथ्या मुक्कामानंतरही दोनशे सदुसष्ट किलोमीटर बाकी. बंगळूरच्या बाहेर एका मैदानात तो माणूस माझ्या अक्षरातला कागद खिशात घेऊन येणार होता आणि मी त्याला काय सांगणार होतो? मी खुर्चीवर बसून होतो आणि समोर देव्हाऱ्यात दादाची समई तेवत होती. जाताना तो तेल घालून गेला होता. तेवढे तो विसरला नव्हता.

मी बायकोला ऑफिसमागच्या घरातून बोलावून घेतले. ती स्वयंपाकघरातून तशीच आली, हाताला पीठ. तिला मी दोन वाक्यांत सांगितले. तिने तिच्या फोनवरून लावला. दुसऱ्या घंटीला दादाने उचलला. मी आकडा मागवायचे बटण दाबले आणि तिने फोनचा आवाज मोठा केला.

"दादा, मोबाइलवर आकडा आला असंन. सांग."

"तू काऊन बसली तिथं? जवाईबापूले दे."

"त्यायचा फोन तू उचलून नाही राह्यला. आकडा सांग."

"अवं, मी जेवाले बसलो."

"पाच वाजता? कोन्या पंगतीत?"

तिकडे कोणीतरी हसल्याचे ऐकू आले. मग दादा हळू आवाजात म्हणाला, "कारण काय लिहून राह्यले ते? त्यायले म्हन, नैसर्गिक आपत्ती लिहा. पूर-बिर."

"एप्रिलात पूर? त्या हळदीच्या पोत्यायले घाम आला असंन तेवढाच." ती टेबलावर टेकली. "दादा, त्या ड्रायव्हरची बायको दुपारपासून मले तीनदा फोन करून चुकली. तू आकडा देतं, का तिले तुह्या पंगतीचा पत्ता देऊ?"

 मग त्याने सहा आकडे म्हटले, एकेक, जणू स्वतःच्या दाढा काढून देत होता.

मुदत का वाढवायची याच्या यादीत साइटवर नैसर्गिक आपत्ती होती, अपघात होता, कायदा-सुव्यवस्था होती. मी शेवटचे 'इतर' निवडले आणि शेऱ्याच्या लहान चौकटीत लिहिले: मुहूर्तासाठी मालकाने भरलेली गाडी चार दिवस उभी ठेवली. बटण दाबले. मुदत वाढली. एक क्षणही लागला नाही. मी पूर लिहिला असता तरी इतकाच वेळ लागला असता, हे मला तिथेच समजले. ते वाक्य आजपर्यंत कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही.

नव्या बिलाचा फोटो मी ड्रायव्हरला पाठवला. त्याने उलट फोन केला नाही. अर्ध्या तासाने ठिपका बंगळूरच्या अलीकडे थांबला आणि सकाळपर्यंत हलला नाही. सोमवारी संध्याकाळी गाडी इरोडला उभी राहिली, मंगळवारी सकाळी माल उतरला. व्यापाऱ्याने काही विचारले नाही.

परतीचा माल घेऊन गाडी मेहकरला आली त्या दिवशी दादाने तिच्यापुढे नारळ फोडला आणि पेढे आणले. मला पेढा देताना सगळ्यांसमोर म्हणाला, "पाह्यलं का जवाईबापू? रविपुष्यावर काढेल गाडी. इतकं लांब जाऊन आली, खरचटलं नाही." लोक माना डोलावत होते. ड्रायव्हरनेही पेढा घेतला. माझ्याकडे पाहिले नाही. तो आठ तास झोपला होता म्हणून खरचटले नव्हते, हे तिथे तीन माणसांना ठाऊक होते आणि तिघांच्याही तोंडात पेढा होता. मी माझा गिळला. थुंकायला हवा होता.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आमचे बाबा बैलगाडीनं जालन्याले जायचे, तवा सुपारी न् मूठभर तांदूळ फडक्यात बांधून शेजारच्यायच्या घरी ठेवत. बैलगाडी नोयते ठेवत. दादाले लहानपणापासून सगळं मोठंच लागते."

त्यावरून मला जे सुचले ते मी दादाला सांगितले आणि त्याने ते लगेच मानले. आता ताडपत्रीच्या दोऱ्यांपैकी एका दोरीचे प्रस्थान ठेवतात. चांगल्या दिवशी दोरी पंपावर जाते, तिथल्या माणसाच्या टेबलाखाली राहते. गाडी रिकामी अंगणात उभी असते. चाक ज्या दिवशी फिरते त्याच दिवसाची तारीख बिलावर पडते. तक्ता खरा राहतो. दोरी पोचवायला मीच जातो, पंचांगातली वेळ पाहून, कारण दुसऱ्या कोणावर सोडले तर तो दोरीऐवजी पुन्हा काहीतरी मोठे नेऊन ठेवेल. त्या टेबलाखाली वाकून दोरी सरकवताना, वर लावलेल्या उदबत्तीची राख डोक्यावर पडत असताना, मला स्वतःची शिसारी येते. पण मी ते बरोबर वेळेवर करतो.

जानेफळचा ड्रायव्हर अजून आमच्याच गाडीवर आहे. निघताना मी त्याला तक्ता देतो. मुक्काम, वेळा, कागद, सही. तो पुढची बाजू वाचतो, मग कागद उलटा करतो आणि बॉनेटवर माझ्यापुढे धरतो.

"भाऊ, मांगंही लिहा."

एकवीस वर्षे पुढची बाजू पुरत होती. मी पेन काढतो आणि मागे लिहितो.